शब्द देणारा प्राणी

जानेवारीतली सकाळ. सव्वासातच्या सुमारास भाईंदरला जेसल पार्कच्या चौपाटीवर पोहोचले तेव्हा ओहोटी लागलेली होती. खाडीचं पाणी आत सरकलेलं, चिखलाचा चकाकता पट्टा उघडा पडलेला, आणि त्यावर कुरवांचा थवा उतरलेला. आपण सगळे त्यांना सीगल म्हणतो. मराठीतलं नाव कुरव.

कट्ट्यावर बसून डब्यातली खारी काढली, तसा एक कुरव चार हातांवर येऊन उतरला. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तो मागे सरकला. मान वळवून पुलावरून जाणाऱ्या विरार लोकलकडे पाहिलं आणि पुन्हा वळले, तर तो दोन पावलं पुढे आलेला. पुन्हा रोखून पाहिलं, पुन्हा मागे. असं तीनदा झालं. त्याचं खारीकडे लक्ष होतंच, पण त्याहून जास्त लक्ष माझ्या डोळ्यांकडे होतं.

इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये नेमका हाच प्रयोग मांडला होता. कॉर्नवॉलच्या किनारी गावांत त्यांनी चिप्सची पिशवी जमिनीवर ठेवली आणि माणूस पक्ष्याकडे पाहत असताना काय होतं, पाहत नसताना काय होतं, ते मोजलं. माणसाची नजर आपल्यावर आहे असं दिसलं की कुरवाला खाण्यापर्यंत यायला सरासरी २१ सेकंद जास्त लागायचे. तिकडचा कुरव वेगळ्या जातीचा, अंगाने मोठा. पण समोरच्याची नजर कुठे आहे, हे भाईंदरच्या खाडीवरच्या कुरवालाही चांगलं कळतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून एक जुना प्रश्न माझ्या मागे लागला आहे. माणूस इतर प्राण्यांपेक्षा खरंच वेगळा आहे का? आणि असेल, तर नेमका कशात?

आपल्याकडच्या एका जुन्या सुभाषितात खाणं, झोप, भीती आणि प्रजोत्पादन या चार गोष्टी माणसात आणि पशूत सारख्याच मानल्या आहेत, आणि माणसाकडे जास्तीचं काय तर धर्म, असं सांगितलं आहे. युरोपात देकार्तने १६३७ साली प्राण्यांना यंत्रांच्या रांगेत बसवलं. मधे भिंत आहे, एवढं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भिंत कुठे घालायची, एवढाच वाद. हत्यार फक्त माणूस करतो, असं म्हणत होतो, तर १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल यांना वाळवी काढण्यासाठी फांदीची पानं ओरबाडून काडी तयार करणारा चिंपांझी दिसला. अन्यायाची चीड फक्त माणसाला येते म्हणावं, तर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेजारच्या माकडाला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळते हे पाहिल्यावर माकडांनी काकडी नाकारली. मेलेल्याचा शोक फक्त आपणच करतो म्हणावं, तर २०१८ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एका ओर्का मादीने आपलं मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर तोलून वाहून नेलं. दर वेळी आपण भिंत उचलली आणि थोडी पलीकडे नेऊन ठेवली.

शरीराचं तर बोलायलाच नको. ओहोटीच्या वेळी इथल्या चिखलात जरा वाकून बघा. बोटाएवढे, मातकट रंगाचे, डोळे टाळूवर आलेले जीव पंखांवर रेलून सरपटत असतात, मधेच उडी मारतात. हे निवटे. भाईंदरच्या जुन्या माणसांना ते ताटातले म्हणून माहीत. मासाच, पण ओल्या कातडीतून आणि तोंडात धरलेल्या ओलाव्यातून श्वास घेत तासन्‌तास पाण्याबाहेर राहतो. निवटा आपला पूर्वज नव्हे. तो त्याच्या वाटेने, फार नंतर जमिनीवर आला. पण सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी असाच कुणीतरी मासा उथळ पाण्यात पुढच्या पंखांवर शरीर तोलायला शिकला होता. त्याच्या घराण्याच्या जवळचा एक सांगाडा २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला सापडला. त्या पंखात दंडाचं, कोपराचं आणि मनगटाचं हाड ओळखू येतं. चहाचा कप धरलेलं माझं मनगट त्याच वंशातलं आहे. चिंपांझीच्या आणि आपल्या जनुकसंचाच्या जुळवून पाहता येणाऱ्या भागांत फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा आहे, हे २००५ पासून आपल्याला ठाऊक आहे. निवट्याकडे बघताना मला हा आकडा आठवत नाही. मला माझं मनगट आठवतं.

मग वेगळेपण कुठे शोधायचं? मला ते एका कावळ्यापाशी सापडलं.

माझे वडील गेले त्याच्या दहाव्या दिवशी आम्ही गावच्या नदीवर होतो. पिंड मांडले होते. भाऊ हात जोडून उभा होता. झाडावर दोन कावळे होते, पण खाली येत नव्हते. आपल्याकडे हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वेळ जात राहते, भटजी घड्याळ बघतात, आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘त्यांची काही इच्छा राहिली असेल, बोला.’ भाऊ बोलला, काकाही बोलले. कावळा हलेना. मी मागे बायकांत उभी होते. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘तू बोल गं.’ मी पुढे गेले आणि म्हणाले, ‘बाबा, आईची काळजी करू नका. मी तिला माझ्याकडे भाईंदरला नेते.’

कावळा आला.

त्याला भात दिसत होता. मी बोलून मागे फिरले, सगळे चार पावलं मागे सरले, म्हणून तो उतरला असेल. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या जागी दोन प्राणी समोरासमोर होते. एकाने भात खाल्ला. दुसऱ्याने शब्द दिला. जो माणूस आता कुठेच नव्हता त्याला दिला, आणि जे दिवस अजून उजाडलेच नव्हते त्यांच्याबद्दल दिला. तो शब्द मला पुढची ११ वर्षं पुरला.

आई आली, राहिली. सुरुवातीला तिला चौथा मजला, लिफ्ट, बंद दारं काही रुचेना. म्हणून तिला संध्याकाळी जेसल पार्कला आणू लागले. हा कट्टा तिच्यामुळे माझा झाला. कुरव पहिल्यांदा दिसले तेव्हा ती म्हणाली होती, ‘पाहुणे आलेत वाटतं.’ पुढे दर नोव्हेंबरात विचारायची, पाहुणे आले का गं. शेवटच्या दोन वर्षांत ती मला ओळखेनाशी झाली. रात्री उठून गावाला जायचं म्हणून दार वाजवायची. एका रात्री दोन वाजता तिला परत पलंगावर बसवताना मला अगदी स्पष्ट वाटलं की आता नाही होत माझ्याने. तेव्हा मला प्रेमाने उभं धरलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. प्रेम त्या क्षणी फार पातळ झालं होतं. मला धरून ठेवलं ते नदीवर बोललेल्या त्या एका वाक्याने.

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे की माणसाचं वेगळेपण शोधायचं तर ते इथे शोधावं. जे समोर नाही त्याच्यासाठी स्वतःला बांधून घेणं.

इथे घाई करून चालणार नाही, कारण ही भिंतसुद्धा पूर्ण भक्कम नाही. समोर नसलेल्या गोष्टीचा विचार फक्त आपणच करतो, असं नाही. मधमाशी पोळ्यावर नाचून दूरच्या फुलांची दिशा आणि अंतर सांगते. ते उलगडून दाखवल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. आणि कावळ्याचंच घ्या. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेची कडी अडकवून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे त्याच्यावर ओरडत राहिले. त्यात जे कधीच पकडले गेले नव्हते असे कावळे होते, आणि नंतर जन्मलेली पिल्लंही होती. आईबापांचा अनुभव पिल्लांपर्यंत पोहोचला होता.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. तरीही एक गोष्ट उरते. कावळ्याच्या पिल्लाला तो चेहरा कळतो तो चेहरा समोर आला म्हणून, आणि समोर आईबाप ओरडताना दिसले म्हणून. मधमाशी आजच्या फुलांबद्दल सांगते. मागच्या वर्षीच्या बहराबद्दल, किंवा आपण मेल्यावर येणाऱ्या बहराबद्दल, ती बोलत नाही. आपण बोलतो. मला माझी पणजी कधी दिसली नाही, पण तिने कर्ज फेडताना कोणत्या पाटल्या मोडल्या ते मला ठाऊक आहे. डार्विनने १८७१ मध्ये मांडलं होतं की माणसाच्या आणि इतर प्राण्यांच्या मनात फरक आहे तो प्रमाणाचा, जातीचा नव्हे. मला ते पटतं. पण प्रमाणाचा फरक म्हणजे किरकोळ फरक नव्हे. ओंजळीतलं पाणी आणि समोरची खाडी यांतही फरक प्रमाणाचाच आहे.

या कुरवांचंच पाहा. इथे येतात ते बहुतेक दोन जातींचे, काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे. थंडीत त्यांचं डोकं ना काळं असतं ना तपकिरी. पांढऱ्या डोक्यावर कानामागे एक गडद ठिपका तेवढा दिसतो. नावातला रंग मार्चमध्ये, परतायची वेळ जवळ आली की चढायला लागतो. तपकिरी डोक्याचा कुरव वीण करतो तिबेटच्या आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी. लडाखातही. मी लडाखला गेलेले नाही, आता जाईन असंही वाटत नाही. पण कट्ट्यावर बसून मला त्या गार सरोवराची कल्पना करता येते, कारण कुणीतरी तिथे गेलं, कुणीतरी पक्ष्याच्या पायात कडी घातली, कुणीतरी लिहून ठेवलं. जो पक्षी हिमालय ओलांडून आला त्याच्याकडे ‘लडाख’ हा शब्द नाही. वाट मात्र त्याला माहीत आहे. माझ्याकडे शब्द आहे, वाट नाही. यात कोण श्रेष्ठ, हा प्रश्न मला फार दिवस पडत होता. आता पडत नाही. मला एवढंच दिसतं की ज्याच्याकडे शब्द आहे त्याला ‘माहीत नव्हतं’ असं म्हणता येत नाही.

आणि तरीही आपण त्यांना फरसाण टाकतो. कट्ट्यावर पुडी फुटते, मूठभर शेव-गाठ्या हवेत उडतात, थवा किंचाळत झेपावतो, मुलं टाळ्या वाजवतात, फोन वर होतात. टाकणाऱ्यांच्या मनात दयाच असते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. पुण्य म्हणून टाकतात, आईवडिलांच्या नावाने टाकतात. एका काकूंना मी म्हटलं, ‘अहो, त्यांचं खाणं त्या चिखलात आहे. लहान मासे, खेकडे, किडे. बेसनावर हिमालय ओलांडता यायचा नाही.’ त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘पण ते मागतात ना.’ खरं आहे, मागतात. माझ्या आईनेही शेवटी शेवटी दिवसातून सहादा साखर मागितली असती. मागणाऱ्याला उद्या काय होईल ते आपल्याला दिसतं, म्हणून देणाऱ्याने थांबायचं असतं.

दूरचं दिसण्याचा हा गुण जवळचं दिसेनासं करतो, हेही या खाडीने दाखवलं आहे. समोर पाणजू बेट. तिथली माणसं होडी नसली की रेल्वेपुलाच्या कडेने चालत येतात. २०२५ च्या सप्टेंबरात पाणजूचा एक तरुण असाच पुलावरून चालला होता. धावत्या लोकलमधून कुणीतरी निर्माल्य खाडीत फेकलं. त्यातला नारळ त्याच्या डोक्याला लागला आणि तो वाचला नाही. फेकणाऱ्याने हात जोडले असतील, डोळे मिटले असतील. न दिसणाऱ्या देवापर्यंत पोहोचणारा हात पाच फुटांवरून चालणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला नाही. असा अपघात कोणत्याही कुरवाच्या, कोणत्याही निवट्याच्या हातून होणार नाही. त्यांना देव नाही. मला त्या बातमीनंतर कित्येक दिवस पुलाकडे बघवत नव्हतं. आजही लोकलच्या दारातून पिशवी उडताना दिसली की छातीत धस्स होतं.

पण मला सर्वात जास्त काळजी वाटते ती आपण एकत्र मिळून दिलेल्या शब्दांची. माणसाखेरीज दुसरा कोणताही प्राणी कायदा करत नाही. कायदा म्हणजे अजून जन्मलाही नाही अशा कुणाला आज दिलेला शब्द. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीबद्दल असा एक शब्द दिला. राज्यभर खारफुटीची तोड थांबवली, तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं, आणि खारफुटी नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, इथपर्यंत म्हटलं. सार्वजनिक हिताचं काम असेल तरच आणि न्यायालयाच्या परवानगीने, एवढी एक वाट ठेवली. डिसेंबर २०२५ मध्ये वर्सोवा-भाईंदर सागरी रस्त्यासाठी त्या वाटेने परवानगी मिळाली. ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडं या कामात बाधित होणार आहेत. बदल्यात दुसरीकडे नवी लावू, हा त्यासोबतचा शब्द.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. ज्यांचा दिवस दहिसरच्या नाक्यावर अडकून संपतो त्यांची तगमग मी घरातच पाहते. माझा मुलगा त्यातलाच. पण या व्यवहारातली एक बाजू मला अस्वस्थ करते. निवट्याने, खेकड्याने, कुरवाने या करारावर सही केलेली नाही, आणि उद्या शब्द मोडला तर ते विचारायला येणार नाहीत. माझ्या बाबांनाही विचारता येणार नव्हतं. त्या रात्री मी आईला कुठेतरी ठेवून आले असते तर नदीवरचा कुठलाच कावळा जाब मागायला भाईंदरला आला नसता. ज्याला विचारता येत नाही त्याला दिलेला शब्द पाळला, तरच तो शब्द.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या दहाव्याला भाऊ म्हणाला, ‘तू उभी राहा.’ मी हात जोडले आणि काय बोलावं ते सुचेना, कारण तिने काहीच मागून ठेवलं नव्हतं. कावळा लगेच आला.

आज सकाळी थव्यात एक पिवळट-पांढऱ्या डोळ्याचा दिसला. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो, तपकिरी डोक्याच्याचा असा फिका. म्हणजे हा पठारावरचा. आई असती तर तिला दाखवला असता.

जेसल पार्कला याल तेव्हा फरसाणाची पुडी घरी ठेवा, जमलं तर दुर्बीण आणा आणि हा फिका डोळा शोधा. मार्चपर्यंत दिसेल. आणि बदल्यात लावायची म्हटलेली खारफुटी कुठे लावली, किती रोपं जगली, हे दर वर्षी अर्ज करून विचारा. मी माझा पहिला अर्ज लिहून ठेवला आहे.